एआरटीच्या गोळ्या आणि बदलणारा विषाणू : या चुका टाळा

‘गोळीची आता अंगाला सवय झाली,’ असं गावात सर्रास बोललं जातं. गोळी म्हणजे एआरटीची, एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची औषधं. अंगाला काही होत नाही, बदलतो तो एचआयव्ही. स्वतःची नक्कल करताना हा विषाणू सतत चुकतो, आणि चूक दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नसते. त्यातून औषधाला दाद न देणारा एखादा निघतोच. रक्तात एआरटीतली तिन्ही औषधं पुरेशी असली की त्याचं काही चालत नाही. औषध अर्धवट असलं की साधे विषाणू दबतात आणि याला रान मोकळं मिळतं.

सगळ्यात घातक चूक गोळ्या पुरवून खाण्याची. सोंगणी-वेचणीच्या मजुरीला बाहेरगावी गेलं, डबा संपत आला, की नवरा-बायको एकाच डब्यातल्या वाटून घेतात, नाहीतर दिवसाआड घेतात. त्या तिघांतल्या लॅमिव्हुडिनला निकामी करायला एकच बदल पुरतो: विषाणूच्या नक्कल करणाऱ्या एन्झाइममध्ये 184 व्या जागी मेथिओनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की औषधाचा जोर बराचसा जातो. त्यांतलंच डोल्युटेग्रॅव्हिर त्या मानाने दमदार, पण त्याच्याही भरवशावर खाडे करू नका. निघण्याआधीच एआरटी केंद्रात सांगून जादा महिन्यांच्या गोळ्या किंवा तिकडच्या केंद्राची चिठ्ठी घ्या. डोस चुकला तर आठवताच घ्या. पुढच्या डोसला 4 तासही उरले नसतील तर सोडा. दोन एकदम नकोत.

गरोदर बाईला आशाताई लोह-कॅल्शियमच्या गोळ्या देतात. उपाशीपोटी एआरटीसोबत घेतल्या तर डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषलं जात नाही. जेवणासोबत दोन्ही चालतात. ॲसिडिटीचं पांढरं औषध मात्र जेवणासोबतही नको. एआरटीची गोळी त्याच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्या. टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं तर केंद्रात लगेच सांगा, रोजच्या गोळीनंतर 12 तासांनी डोल्युटेग्रॅव्हिर 50 मिग्रॅ वेगळं लागतं.

व्हायरल लोड (एक मिलिलिटर रक्तातल्या विषाणूच्या प्रती) 1000 च्या वर आला की लगेच औषध बदला म्हणून हटून बसू नका. आधी नियमित डोस घेऊन साधारण 3 महिन्यांनी पुन्हा तपासतात. समुपदेशकाला खाडे खरे सांगा, त्यावरच पुढचं ठरतं.

‘गोळी लागूच होत नाही’ म्हणून ती परस्पर बंद करणं आणखी वाईट. औषध थांबलं की साधा विषाणू पुन्हा वरचढ होतो, बदललेला मागे पडून रेझिस्टन्सच्या (विषाणू कोणत्या औषधाला दाद देत नाही, त्याच्या) तपासणीत सापडत नाही, पेशींत मात्र दबा धरून राहतो. त्या तपासणीचं रक्त देईपर्यंत गोळ्या चालूच ठेवा.