सार्वजनिक बागेतलं लॉन काढून हरळी कशी लावायची (कोकणवाल्यांसाठी)

आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल आला की वाड्यांवर टँकर फिरतो, कारण जांभ्यात पाणी ठरतच नाही. आमच्या बंदराकडच्या बागेत माळी पाइप धरून लॉन भिजवतोय आणि रस्त्यापलीकडे बायका हंडे घेऊन रांगेत, हे दोन उन्हाळे बघितलं आणि मग आम्ही चारपाच जणांनी मागे लागून लागून ते लॉन काढायला लावलं आणि हरळी लावली. हरळी म्हणजे गणपतीला वाहतो ती दुर्वाच. शेतकरी मंडळी जाम हसली, आम्ही जन्मभर उपटतोय नि तुम्ही लावताय! पण उपटून मरत नाही हाच तर गुण हवाय ना.

आधी हिशोब, कारण मीटिंगमध्ये हाच विचारतात. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात लॉन हिरवंगार ठेवायचं तर रोज साधारण ५ मिलीमीटर धरा, म्हणजे ५ गुंठ्यांना (५०० चौरस मीटर) रोज २५०० लिटर, दोन दिवसांना ५ हजार लिटरचा एक टँकर, महिन्याला पंधरा. मुळं धरलेल्या हरळीला पंधरा दिवसांतून एकदा १५ मिलीमीटर दिलं तरी चालतं, म्हणजे महिन्याला तीन टँकर. विहिरीला मचूळ पाणी असेल तरी ती बरंच सहन करते, किनाऱ्याला हे महत्त्वाचं.

मे महिन्यात पाणी बंद करा आणि फावड्याने जुनं लॉन सोलून काढा. गालिच्यासारखं निघतं, आमच्याकडे उलटं करून बघितलं तर मुळं जेमतेम दोन बोटं, रोज वरवर पाणी मारलं की मुळं खाली जातीलच कशाला. ते उलटंच उन्हात वाळू द्या. लव्हाळा असेल तर त्याच्या काळ्या गाठी खणून वेचा, कंटाळवाणं काम आहे पण आत्ता टाळलंत तर पुढे रडाल. तणनाशक अजिबात नको, पोरं लोळतात तिथे आणि दुर्वा देवाला जातात. मग वीतभर माती मोकळी करून शेणखत मिसळा, कातळ वर आला असेल तिथे घमेल्याने माती टाकावीच लागेल. कडेने जांभ्याचे चिरे जमिनीत गाडून घ्या नाहीतर हरळी शेजारच्या परड्यात शिरणार आणि शिव्या तुम्हाला.

बियाणं विकत घ्यायची गरज नाही, बांधावरून हरळी खणून आणा. बोटभर लांबीचे तुकडे करा, प्रत्येकाला दोनतीन पेरं हवीतच कारण मुळं पेरातून फुटतात. मृगाचे दोनतीन पाऊस पडून गेले की वीतवीतभर अंतराने तिरके खोचा, एक पेर मातीत, शेंडा बाहेर, आणि पायाने दाबा. उतार असेल तर वर गोणपाट अंथरा, नाहीतर जुलैतल्या एका झडीत सगळं गटारात.

श्रावणापर्यंत वाढ दिसत नाही म्हणून घाबरू नका, तिला ऊन लागतं, ढग हटले की भादव्यात जी पळते ती पळतेच. तोपर्यंत खुरपणी. टाकळा भरपूर उगवतो, तो कोवळा असतानाच शेजारच्या काकूंना सांगा, भाजीला नेतात, आमची अर्धी खुरपणी अशीच फुकट झाली. झाडाखाली मात्र लावू नका, सावलीत ती विरळ होऊन मरते, तिथे पालापाचोळाच राहू दे.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा सकाळी लवकर भरपूर पाणी, म्हणजे मुळं खोल जातात. पुढच्या वर्षापासून पंधरवड्याला एकदा. कापताना एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका आणि उन्हाळ्यात थोडी उंचच ठेवा.

आणि मे महिन्यात ती पिवळी पडणार, कोणीतरी येऊन हमखास बोंब मारणार की गवत मेलं. भांडू नका, जमिनीलगतची एक काडी उपटून नखाने सोलून दाखवा, आत पांढरट ओलसर असेल तर जिवंत आहे. आम्ही शेवटी पाटीच लावली: ‘गवत झोपले आहे, कृपया पाणी मारू नये.’