मानसोपचार विभागात फील्डवर्क लागलं असेल तर

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यात एमए-पातळीचं शिक्षण घेणाऱ्या, मुलामुलींना मानसोपचार विभागात प्लेसमेंट मिळाली की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, काउन्सेलिंग कधी करायला मिळेल?" मिळेल. पण त्याआधी यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज भरायला शिका. थट्टा नाही ही. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या घरांना सल्ल्याआधी औषधं, बसभाडं आणि प्रमाणपत्र हवं असतं. ती धावपळ करताना जी ओळख होते, तिच्यावरच पुढचं बोलणं उभं राहतं.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय आणि मानसिक आजार त्यात आहे. कित्येक नातेवाइकांना हेच माहीत नसतं. मानसिक आजारातल्या अपंगत्वाची टक्केवारी ठरते 'आयडियाज' या मोजपट्टीवर. स्वतःची निगा, लोकांशी संबंध, संवाद आणि समज, कामधंदा; प्रत्येकाला 0 ते 4 गुण, वर आजाराला किती वर्षं झाली त्याचे गुण. बेरीज 7 झाली की 40 टक्के, आणि बहुतेक सवलती तिथूनच सुरू होतात.

आता गंमत बघा. डॉक्टर विचारतात, "आंघोळ स्वतः करतो का?" आई म्हणते, "हो, करतो की." खोटं नसतं ते. सकाळपासून दहादा सांगावं लागतं, पाणी काढून द्यावं लागतं, कपडे हातात द्यावे लागतात, हे तिला सांगण्याजोगंच वाटत नाही. शिवाय चारचौघांत मुलाची शोभा कशाला? म्हणून बोर्डाच्या, म्हणजे टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या तपासणीच्या, आधी घरच्यांबरोबर बसा आणि सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय होतं ते सांगायला लावा. पढवू मात्र नका. पढवलेलं डॉक्टरांना कळतं, आणि उद्या त्याच टेबलापुढे तुम्हाला दुसरा पेशंट न्यायचाय.

हे सगळं पेशंटला विचारून. वॉर्डात सगळे नातेवाइकांशीच बोलतात. तुम्ही खुर्ची पेशंटकडे वळवा. मानसिक आजार आहे म्हणून माणसाला स्वतःच्या उपचारांचा निर्णय घेता येत नाही, असं 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गृहीत धरत नाही. साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून तो आपला प्रतिनिधी नेमू शकतो, आणि तो बाप किंवा नवराच हवा असं काही नाही. उत्तर उशिरा आलं तर थांबा. औषधांनी जीभ जड होते, हात थरथरतात, दुपारी डोळे मिटतात. 'प्रतिसाद देत नाही' असं रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे तुमच्या फील्डवर्कच्या लेखी नोंदीत, लिहिण्याआधी औषधांचा कागद बघा आणि थरथर डॉक्टरांच्या कानावर घाला.

ऐकू न येणारी बाई आली तर सासूला दुभाषी करू नका. घरात मार बसतो का, हे सासूच्या तोंडून कसं कळणार? सांकेतिक भाषेचा जाणकार सुपरव्हायझरकडे मागा. मिळायला वेळ लागतो, तरी मागा.

होम व्हिजिटबद्दल एवढंच: गल्लीत शिरण्याआधी गळ्यातलं आयकार्ड पर्समध्ये टाका. "कुणाकडे आलात?" हे शेजारी विचारणारच. तेव्हा काय सांगायचं, हे पेशंट आणि घरच्यांशी आदल्या भेटीतच ठरवून ठेवा. लग्नाची बहीण घरात असेल तर हा प्रश्न तुम्हाला वाटतो त्याहून मोठा असतो.