जर्मन रणगाड्यांचे हेडफोन जमवताय? या चुका टाळा

'जर्मन टँक हेडफोन, १९४३' अशी चिठ्ठी लावलेला संच विकायला दिसला, की आधी एकच विचारायचं: १९४३ हे साल नेमकं कशावर छापलंय? कानाच्या वाटीवर, गळामाइकवर, बटणाच्या डबीवर की रबरावर? विकणाऱ्याला हे सांगता येत नसेल, तर ती चिठ्ठी बाजूला ठेवून वस्तूच वाचायला घ्यायची.

कारण हा एक नग नाही, संच आहे. डोक्यावरच्या पट्टीला जोडलेल्या दोन रबरी वाट्या म्हणजे हेडफोन. त्यांच्यावर बहुतेक वेळा 'डीएफएच. बी' अशी खूण असते. गळ्याला दोन बाजूंनी टेकणारा गळामाइक वेगळा, त्याची खूण 'केएमएफ. बी'. त्याच्याच वायरवर छातीशी लटकणारी बोलण्याच्या बटणाची डबी, शिवाय वायरी आणि पिना. पँथरसारख्या रणगाड्यात पाच माणसं मायबाख इंजिनाच्या गडगडाटात बसायची. साधा माइक तो गोंगाटच उचलणार, म्हणून गळ्याच्या कातडीची थरथर पकडणारा माइक वापरला.

सगळ्यात मोठी आणि सर्रास होणारी चूक म्हणजे अख्ख्या संचाला एकच साल चिकटवणं. रबर फाटायचं, वायर तुटायची, माइक मुका व्हायचा आणि तो भाग तेवढा बदलला जायचा. त्यामुळे १९४१ च्या वाट्या आणि १९४३ चा माइक एकत्र सापडले तर बिचकायचं कारण नाही. उलट प्रत्येक भागावर अगदी तेच साल असेल, तर हा संच युद्धात जुळला की परवा कुणाच्या टेबलावर, हे विचारायला हवं. माझ्या मते नोंदवहीत प्रत्येक भागाला स्वतंत्र ओळ हवी: खूण, कोड, साल, अवस्था. संचाचं म्हणून एकच साल लिहायचं असेल तर सर्वात उशिराच्या भागाचं लिहावं, कारण त्याआधी तो या रूपात असूच शकत नाही.

दुसरी चूक कोड वाचण्यातली. कारखाना कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून १९४०-४१ पासून कंपनीच्या नावाऐवजी छोट्या अक्षरांचे कोड छापले जाऊ लागले. उदाहरणार्थ, दुर्बिणींवरचा 'बीएलसी' म्हणजे येना गावचा कार्ल झाइस कारखाना. कोडवरून कारखाना कळतो, साल नाही; पण कोड आहे याचा अर्थ भाग १९४० च्या आधीचा नाही, एवढं पक्कं धरता येतं. कंपनीचं पूर्ण नाव असेल तर भाग बहुधा त्याआधीचा, पण हा नियम समजू नये. गरुडाच्या शिक्क्याशेजारी 'डब्ल्यूएए' आणि एक आकडा असतो. तो तपासणी करणाऱ्या लष्करी कार्यालयाचा क्रमांक आहे. तिथे ३७ किंवा ४२ दिसलं की त्याला साल समजण्याचा मोह होतो, तो आवरा. बेकेलाइटच्या (जुनं कडक प्लॅस्टिक) आतल्या बाजूची बारीक खूणही अशीच फसवते: ती साचा दाबणाऱ्या कारखान्याची असते, हेडफोन बनवणाऱ्याची नव्हे.

वायरीवर प्लॅस्टिक दिसलं म्हणून संच युद्धानंतरचा ठरवू नका. जर्मनीत इगेलिट नावाचं पीव्हीसी युद्धाआधीच बनत होतं. फुलीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू दिसले तर मात्र सावध व्हा. अशा सामानात एका फटीचे स्क्रू अपेक्षित असतात.

युद्धानंतरच्या खुणा म्हणजे बनावट, असंही नाही. नॉर्वेच्या सैन्याने मागे राहिलेलं पुष्कळ जर्मन सामान वापरलं, फ्रान्सने तर पँथर रणगाडे १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालवले. असा शिक्का खरवडून काढणं हा गुन्हाच म्हणेन. त्या वस्तूचा अर्धा इतिहास त्यात असतो.

आपल्याकडे शोधणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गळामाइक सापडला, तर तो जर्मन असण्यापेक्षा अमेरिकी 'टी-३०' असण्याची शक्यता कितीतरी जास्त. युद्ध संपल्यावर अमेरिकेचं लष्करी सामान इथेच मोठ्या प्रमाणावर विकलं गेलं होतं. कापसाच्या जाड वळ्या असलेली काळी टोपी आणि आतच हेडफोन, ही रशियन रणगाड्यांची टोपी. आपल्या लष्कराकडे रशियन बनावटीचे टी-५५ रणगाडे होते आणि टी-७२ आहेत म्हटल्यावर ती इथे दिसणारच. जर्मन रणगाडा दलाचा हेडफोन टोपीवरून चढवायचा असे. त्यांच्या वायुदलाच्या वैमानिक टोप्यांनाही गळामाइक असायचा, पण त्या सामानावर पुष्कळदा 'एफएल' ने सुरू होणारा क्रमांक असतो. रणगाड्याचा म्हणून तो विकला जात असेल तर घेऊ नका.

आता आवाज येत नाही ही तक्रार. गळामाइक तोंडासमोर धरून 'हॅलो' म्हणाल तर काहीच ऐकू येणार नाही. तो गळ्याला टेकवूनच तपासायचा. आत कोळशाचे कण असतात, ते वर्षानुवर्षांत एकमेकांना घट्ट बसतात. बोटाने हलके टिचकी मारली तर पुष्कळदा सुटतात. तपासायला एकदोन सेलचा दाब पुरे. हेडफोनच्या दोन्ही वाट्यांचा रोध मल्टिमीटरने मोजा. दोन आकडे साधारण जुळले आणि मीटरची टोकं लावताना बारीक 'खट' आलं, तर गुंडाळी शाबूत आहे. एका बाजूला अनंत दाखवत असेल तर आधी पिनेजवळची वायर पाहा, वाटी उघडू नका. उघडावीच लागली तर आतली पातळ लोखंडी चकती वर ओढू नका. चुंबक तिला धरून असतो, ती बाजूला सरकवून काढायची. वाकली की आवाज कायमचा बिघडला. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकाला हे हेडफोन जोडू नका, बारीक तारेची गुंडाळी जळते.

रबर मऊ व्हावं म्हणून खोबरेल, ग्लिसरीन किंवा पेट्रोल लावणारे भेटतात. कृपा करून काही लावू नका. तेलाने रबर फुगतं, चिकट होतं आणि छापलेलं साल कायमचं जातं. रबरातून निघणारं गंधक धातू काळवंडतं, म्हणून वाट्या आणि धातूचे भाग यांच्यामध्ये आम्लमुक्त कागद ठेवा. पीव्हीसीच्या पिशवीत काहीच ठेवू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पट्टीच्या चामड्यावर बुरशी येते आणि तिच्यातली पोलादी पट्टी गंजते. सिलिका जेल घालून हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राखा, पुड्या ओलसर झाल्या की बदला. बुरशी आलीच तर कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झटका, आणि त्याआधी प्रत्येक खुणेचा तिरप्या उजेडात फोटो काढून घ्या.