जहाज कंपनीचं जुनं पोस्टर विकत घेताना

माझं आयुष्य ऑफसेट छापखान्यात गेलं, त्यामुळे पोस्टर हातात आलं की माझी नजर चित्राच्या आधी शाईवर जाते. जहाज कंपन्यांची जुनी पोस्टर्स जमवायची असतील तर ही सवय तुम्हीही लावून घ्या. उदाहरणाला फ्रान्सचा पोस्टर-चित्रकार ए. एम. कासांद्रनं १९३५ साली फ्रेंच लाइन ह्या जहाज कंपनीच्या ‘नॉर्मांदी’ जहाजासाठी केलेलं पोस्टर घेऊ. नकला ह्याच्या भरपूर.

दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. काळा रंग जिथे हळूहळू करडा होत जातो, तिथे ते टेकवा. चार रंगांचे टिपके शिस्तीत बसून बारीक फुलांची नक्षी करताना दिसले, तर ते मूळ पोस्टरच्या फोटोवरून ऑफसेटवर काढलेलं पुनर्मुद्रण. मूळ पोस्टर शिळाछापाचं, म्हणजे लिथोग्राफीचं. शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड किंवा जस्ताचा पत्रा वेगळा असतो. छटा कारागिरानं हातानं उतरवलेली असते, म्हणून कण विखुरलेले दिसतात आणि सपाट रंग सलग भरलेला. नजर तयार करायची असेल तर घरात किंवा नातेवाइकांकडे रविवर्मा छापखान्याचं जुनं देवाचं चित्र असेल ते पाहा. लोणावळ्याजवळ मळवलीच्या त्या छापखान्यात तीही दगडावरूनच छापली जात. मात्र त्या काळात ऑफसेटही वापरात होतं, तेव्हा प्रत्येक पोस्टरचा निकाल एकट्या टिपक्यांवर लावू नका.

मग मोजपट्टी. ‘नॉर्मांदी’चं मूळ पोस्टर साधारण १०० बाय ६२ सेंटिमीटर भरतं. तयार फ्रेमच्या मापात नेमकं बसणारं असेल तर सावध व्हा. खालचा मजकूर वेगळा असला म्हणून लगेच बनावट ठरवू नका, कारण त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या होत्या. कडा कापलेल्या आहेत का, मुद्रकाचं नाव शाबूत आहे का, हे पाहा.

एवढं झालं की चित्राकडे वळा, आणि घाई करू नका. जुन्या जाहिरातींत जहाज बाजूनं, धूर सोडत, सगळ्या मजल्यांसकट दिसायचं. कासांद्रनं प्रेक्षकाला पाण्याच्या पातळीवर आणून थेट नाळेसमोर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकासमोर, उभं केलं. तळाशी पांढऱ्या पक्ष्यांचा छोटा थवा आहे. तो बोटानं झाका, जहाजाची उंची एकदम कमी वाटेल. त्याच्याच १९३१ च्या ‘लातलांतिक’ जहाजाच्या पोस्टरमध्ये हेच काम शेजारची चिमुकली टगबोट करते, आणि जहाज म्हणजे जवळजवळ एक चौकोन! रस्त्यानं चालणाऱ्या माणसाला क्षणात भव्यता कळावी म्हणून किती काय गाळलंय, ते बघत राहावं असं आहे.

घेतल्यावर सेलोटेप, लॅमिनेशन, फेविकॉल ह्यांतलं काहीही लावू नका. फाटलं असेल तर कागदाच्या संवर्धकाकडून गव्हाच्या खळीनं कापडावर चढवून घ्या, ते पुढे सोडवता येतं. मागे आम्लरहित पुठ्ठा हवा, काच अतिनील किरण अडवणारी हवी, आणि काच कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट हवी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल धरते, म्हणून फ्रेम आतल्या भिंतीवर टांगा आणि दिवाळीच्या सफाईत मागची बाजू कसरीसाठी तपासा.