थारमध्ये ग्रॅव्हल राइड : आखणी कशी करावी

वाळवंटातली सायकल म्हटलं की जैसलमेरजवळच्या सम नाहीतर खुडी या गावांच्या वाळूच्या टेकड्या आठवतात. त्यांच्यावर सायकल चालत नाही, ढकलावी लागते. जैसलमेरच्या आसपास ग्रॅव्हल बाइकची, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीच्या रुंद टायरच्या सायकलची, खरी मजा आहे ती खडकाळ माळावर, ढाण्यांना (छोट्या वस्त्यांना) जोडणाऱ्या कच्च्या वाटांवर आणि पवनचक्क्यांसाठी केलेल्या खडीच्या रस्त्यांवर. आखणी करताना किलोमीटर नंतर मोजा. आधी पाणी कुठे मिळेल आणि जवळचा डांबरी रस्ता कोणत्या अंगाला आहे, ते बघा.

१. हंगाम
नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २५ अंशांच्या आसपास असतो, पहाटे मात्र बोटं आखडतात. उजाडतं उशिरा, सव्वासातनंतर, आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून आठला निघून चारपर्यंत मुक्कामी पोहोचेल एवढाच पल्ला धरा.

२. मार्ग
पहिल्यांदा जात असाल तर दोन दिवसांचा बेत पुरे : जैसलमेर, कुलधरा, खाभा, खुडी, तिथे मुक्काम करून परत. पालीवाल ब्राह्मणांनी सोडलेलं, ओस पडलेलं कुलधरा गाव शहरापासून १८ किलोमीटरवर. जैसलमेर–खुडी थेट डांबरी रस्ता ४०-४५ किलोमीटरचा आहे; काही बिनसलं तर परतायचं ते त्याच रस्त्याने, म्हणून तो नकाशावर ठळक करून ठेवा.

कच्ची वाट नकाशावर आखली की ती उपग्रह चित्रात मोठी करून बघाच. वाट एकच, रेघेसारखी असेल तर जमीन कडक. एका वाटेच्या चार-पाच वाटा होऊन पुढे पुन्हा एकत्र येत असतील, तर तिथे मऊ वाळू आहे आणि जीपवाल्यांनी ती टाळायला बाजूने चाकं घातली आहेत. असा पट्टा लांबलचक दिसला तर मार्ग बदला. पवनचक्क्यांच्या रस्त्यांचे फाटेही तपासा. बरेचसे एका खांबापाशी जाऊन संपतात. आणि नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, रेंजचा भरवसा नाही.

३. परवानग्या
ही पायरी गाळू नका. पश्चिमेला पाकिस्तानची सीमा आहे आणि तिकडच्या काही भागात प्रशासनाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. मार्ग घेऊन जैसलमेरमध्ये पोलिसांकडे चौकशी करा. मरुभूमी राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं. त्यातल्या राखीव भागात वनखात्याची परवानगी हवी. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झालं तो माळढोक पक्षी तिथे अजून टिकून आहे, तिकडे त्याला गोडावण म्हणतात. पोखरणच्या फायरिंग रेंजमध्ये तर वाट कितीही मोकळी दिसली तरी शिरायचं नाही.

परदेशी सायकलस्वार सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसतानाही उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) जवळ ठेवायला सांगतात. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असं यंत्र बाळगलं तर पोलीस केस होऊ शकते. ते घरीच ठेवा. त्याऐवजी मुक्कामाच्या घरमालकाला मार्ग दाखवा आणि किती वाजेपर्यंत पोहोचू, ते सांगून ठेवा.

४. सायकल
टायर ४५ मिलिमीटर किंवा जास्त रुंद, आणि ट्यूबलेसच. विलायती बाभळीचे काटे साध्या ट्यूबची चाळण करतात. सीलंट (टायरमधलं, भोक आपोआप बुजवणारं द्रव) निघण्याआधी ताजं भरा, कोरड्या हवेत ते लवकर वाळतं. काटा दिसला तर उपटा, भोक जमिनीकडे येईल असं चाक फिरवा आणि थोडं थांबा. नाहीच बुजलं तर प्लग, म्हणजे भोकात खुपसायची रबरी पट्टी. दोन ट्यूब, पंप आणि डेरेलर हँगर (मागचा गियर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) जवळ असू द्या. चेनला ड्राय ल्यूब (कोरडं वंगण) लावा, ओल्या तेलावर वाळू चिकटून गियरचे दात झिजवते.

५. पाणी
माणशी चार लिटर घेऊन निघा. मुंबईत घाम गळतो म्हणून तहान ध्यानात येते. इथे तो अंगावरच सुकतो, जर्सीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात तेव्हा कळतं. त्यामुळे तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घ्या, अधूनमधून ओआरएस. ढाणीवर मागितलं तर पाणी मिळतं, पण ते टाक्यात साठवलेलं किंवा टँकरने आणलेलं असतं. प्यायला मागा, सायकल धुवायला मागणं शोभत नाही.

६. वाळूचा पट्टा आला तर
टायरमधली हवा २५ पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) उतरवा, वजन आणि रिम पाहून थोडी कमीजास्त. वाळूत शिरण्याआधीच हलका गियर टाका. बसूनच रहा, वजन मागे, हात सैल, आणि पॅडल थांबू देऊ नका. पुढचं चाक इकडेतिकडे गेलं तरी हँडल आवळायचं नाही. तरीही रुतलात तर उतरून चालत जा, त्यात लाज कसली! कडक जमीन लागली की हवा पुन्हा भरा, नाहीतर पुढच्याच दगडावर रिमला पोचा येईल.