मोरजीच्या किनाऱ्यावर काइटसर्फर टिपताना

काइटसर्फिंगची, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून सरकण्याच्या खेळाची, छायाचित्रे काढायला मोठी लेन्स लागते, एवढे एकच गणित मनात धरून बहुतेक हौशी छायाचित्रकार किनाऱ्यावर येतात आणि लेन्सच्या काळजीत उभे राहण्याची जागा चुकतात. गोव्यात पेडणे तालुक्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर गेले काही हंगाम हा छंद केल्यावर माझे मत असे झाले आहे की, चित्राचा निम्मा निकाल कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वीच लागलेला असतो. वारा कोणत्या बाजूने येतो, ऊन कोणत्या बाजूने पडते आणि या दोघांच्या मध्ये आपण कुठे उभे आहोत, यावर तो ठरतो. मोरजीची पंचाईत अशी की हिवाळ्यात वारा आपल्याला उत्तरेकडे उभे राहायला सांगतो आणि ऊन दक्षिणेकडे.

प्रथम वाऱ्याविषयी. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते इथे प्रत्यक्ष दिसतात. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा असतो आणि त्या वेळी पाण्यावर एकही पतंग नसतो. दुपारपर्यंत जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येऊ लागतो. मोरजीला तो साधारणपणे वायव्येकडून येतो, दुपारी दोनच्या पुढे भरात असतो आणि सूर्य कलला की उतरू लागतो. पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलात तर वारा उजव्या गालावर लागतो. वारा साधारण 12 नॉट, म्हणजे ताशी 22 किलोमीटरच्या आसपास पोहोचला की काइटसर्फिंग सुरू होते. वाऱ्याचे अॅप जवळ नसेल तर पाण्याकडे पाहावे. दूरवर लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला म्हणजे सर्फर पतंगात हवा भरायला घेतात. त्यामुळे सकाळी सहाला गजर लावून किनाऱ्यावर येण्याचा छायाचित्रकारांचा नेहमीचा शिरस्ता इथे निरुपयोगी आहे. जेवून, थोडी वामकुक्षी करून आलात तरी काही बिघडत नाही.

हा पतंग संक्रांतीच्या पतंगासारखा नव्हे. त्याच्या पुढच्या कडेला हवा भरलेली जाड नळी असते, तो चार किंवा पाच दोऱ्यांनी सर्फरच्या हातातील आडव्या दांड्याला जोडलेला असतो आणि या दोऱ्या बहुधा 20 ते 24 मीटर लांब असतात. ताणलेली दोरी मांजासारखीच कापते, हे आपल्याकडे कोणाला वेगळे सांगायला नको. सर्फर वाऱ्याला आडवा जातो आणि पतंग नेहमी त्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे मोरजीच्या बाबतीत आग्नेयेकडे, किनाऱ्याच्या अंगाला असतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे सर्फर मागे रेलून पतंगाकडे तोंड करून उभा असल्यामुळे दक्षिणेकडून पाहणाऱ्याला त्याचा चेहरा दिसतो आणि उत्तरेकडून पाहणाऱ्याला बहुधा पाठ. दुसरी म्हणजे एखाद्याचा पतंग निसटला किंवा सर्फरचा तोल गेला तर सगळे लचांड दक्षिणेकडच्या माणसांवर येऊन पडते.

उन्हाचा हिशोबही याच दिशेने जातो. जानेवारीत दुपारी चारच्या सुमारास सूर्य नैऋत्येकडे असतो. उत्तर टोकाला उभे राहून दक्षिणेकडे कॅमेरा धरला तर तो जवळजवळ समोर येतो. पाणी चमचमते, पण सर्फर काळवंडतो. दक्षिणेला उभे राहून उत्तरेकडे पाहिले तर तेच ऊन डाव्या खांद्याच्या थोडे मागून पडते, फवाऱ्याचा प्रत्येक थेंब वेगळा दिसतो आणि चेहऱ्यावर प्रकाश असतो. म्हणून हिवाळ्यात मी दक्षिणेलाच उभा राहतो, पण जवळ नाही. जिथून पतंग उडवले आणि उतरवले जातात त्या जागेपासून किमान 100 मीटर अंतर राखायचे, पाण्याच्या कडेला असताना पाठीमागे पळायला मोकळी वाळू ठेवायची आणि दर दोन-तीन मिनिटांनी कॅमेऱ्यातून डोळा काढून आकाशाकडे पाहायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. पतंग अंगावर येताना दिसला तर वाऱ्याबरोबर पळू नये, आडवे सरकावे. आणि मदत म्हणूनही दोऱ्यांना हात लावू नये. एप्रिलमध्ये मात्र सूर्य डोक्यावरून सरळ पश्चिमेकडे आणि अखेरीस किंचित उत्तरेकडे मावळू लागतो, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेला पाहताना ऊन उजव्या खांद्यावरून पडते. तेव्हा वारा आणि ऊन दोघांचे एकमत होते आणि निर्धास्तपणे उत्तरेला उभे राहता येते.

आता लेन्स. सर्फर 100 मीटरवर आहे असे धरू. फुल-फ्रेम (36 × 24 मिलिमीटर सेन्सरचा) कॅमेरा उभा धरला तर सेन्सरची उंची 36 मिलिमीटर असते. 120 मिलिमीटरच्या लेन्सने 100 मीटरवर सुमारे 30 मीटर उंचीचा पट्टा चौकटीत येतो. पतंग सर्फरच्या डोक्यावर असेल तर दोऱ्यांसह सगळे यात मावते. एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हेच काम 80 मिलिमीटरच्या आसपास होते. नुसता सर्फर, फळी आणि फवारा हवा असेल तर त्याच एपीएस-सी कॅमेऱ्यावर 300 मिलिमीटर लेन्सने सुमारे आठ मीटर रुंदीची चौकट मिळते आणि तेवढी पुरे होते. सांगायचे एवढेच की 70-300 सारख्या साध्या झूम लेन्सने या छंदाची सुरुवात व्यवस्थित होते. पहिल्या हंगामात मी मोठी लेन्स भाड्याने आणली आणि संध्याकाळी घरी येऊन पाहतो तो शे-दीडशे चित्रांत हवेत लटकलेली माणसे होती आणि त्यांना धरून ठेवणारा पतंग एकाही चौकटीत नव्हता. ज्याने हा खेळ पाहिलेला नाही त्याला ती चित्रे अपघाताची वाटली असती. तेव्हापासून पहिली दहा मिनिटे मी पतंगासह उभी चौकट घेतो, मग झूम वाढवून सर्फरच्या जवळ जातो.

शटरचा वेग 1/1600 सेकंद ठेवला तर उडते थेंबही गोठतात. 1/1000 च्या खाली गेल्यास हात आणि फळीची टोके पुसट होऊ लागतात. लख्ख उन्हात एफ 5.6 (लेन्सच्या छिद्राचे माप) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) 200 ला हा वेग मिळतो, चारनंतर आयएसओ 400 पर्यंत न्यावा लागतो. चौकटीत कधी पांढरा फेस, कधी गडद पाणी, कधी मोकळे आकाश येत असल्यामुळे कॅमेऱ्याचा स्वयंचलित अंदाज दर चित्राला बदलतो. ऊन स्थिर असेल तर मॅन्युअलवर, म्हणजे आकडे आपणच ठरवण्याच्या पद्धतीवर जावे, फेसावर एक चाचणी चित्र घ्यावे, हिस्टोग्रामची (चित्रातील उजेड-अंधाराच्या आलेखाची) उजवी कड कापली जात नाही एवढे पाहावे आणि मग अर्धा तास त्या आकड्यांना हात लावू नये. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल घेतल्यास सावलीतला चेहरा नंतर थोडा उजळता येतो, पण जळून गेलेला फेस परत आणता येत नाही. पोलरायझर फिल्टर बाजूच्या उन्हात पाण्याची चकाकी कमी करतो, मात्र तो दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश खातो आणि सूर्य समोर असताना त्याचा फारसा उपयोग होत नाही. मी तो पिशवीतच ठेवतो.

फोकस सतत मागोवा घेणाऱ्या पद्धतीवर, म्हणजे एएफ-सी किंवा सर्व्होवर हवा, आणि फोकसचे क्षेत्र लहान. मोरजीला पतंग सर्फरपेक्षा आपल्याला जवळ असतो, त्यामुळे सगळी चौकट फोकससाठी मोकळी सोडली तर कॅमेरा हटकून त्या रंगीत कापडाला जाऊन चिकटतो.

उडी कधी येणार हे ओळखायला सर्फरकडे पाहू नये, पतंगाकडे पाहावे. घड्याळाची उपमा इथे सगळेच वापरतात: सर्फरच्या बरोबर डोक्यावरची जागा म्हणजे बारा. उजवीकडे जाणाऱ्या सर्फरचा पतंग एक-दोनच्या जागी असतो. उडी घ्यायची झाली की तो दांड्याने पतंगाला बाराकडे आणि त्याच्याही किंचित मागे पाठवतो. त्याच क्षणी गुडघे वाकतात, फळीची कड पाण्यात रुतते आणि फवारा एकाएकी उंच होतो. मग दोऱ्या ताणल्या जातात आणि माणूस वर खेचला जातो. पतंग मागे फिरताना दिसला की बोट दाबायला सुरुवात करावी. फवारा पाहून दाबले तर फळी पाण्यातून सुटल्याचे पहिले चित्र हुकलेले असते. दुसरा डोळा उघडा ठेवण्याची सवय यासाठीच लावून घ्यावी. उडीच्या शिखरावर माणूस क्षणभर थांबल्यासारखा होतो, तिथे फळी हाताने पकडली जाते आणि चेहऱ्यावरचे भावही तिथेच मिळतात. तो खाली येताना वाऱ्याखाली, म्हणजे किनाऱ्याच्या अंगाला सरकत येतो. चौकटीत त्या बाजूला रिकामी जागा आधीच सोडावी.

उडीची उंची दाखवणे वेगळे आणि उडी दाखवणे वेगळे. निळ्या आकाशात लटकलेला माणूस दोन मीटरवर आहे की दहा, हे नुसत्या आकाशावरून कळत नाही. खाली पाणी हवे, क्षितिज हवे, शक्य तर दुसरा सर्फर किंवा एखादी होडी हवी. गुडघ्यावर बसून कॅमेरा खाली आणला की क्षितिज खाली जाते आणि साधी उडीही क्षितिजाच्या वर दिसते. याला फसवणूक म्हणणारे आहेत. मी म्हणत नाही. मात्र तापलेल्या वाळूलगत लांबच्या लेन्सने पाहिले तर उष्ण हवेच्या थरथरीने चित्र पाण्यातून पाहिल्यासारखे येते. अशा वेळी कोरडी वाळू सोडून ओल्या पट्ट्यावर जाऊन बसावे. दक्षिणेकडे शापोरा नदीच्या मुखापलीकडे शापोऱ्याचा किल्ला दिसतो. उत्तरेकडून किनाऱ्यालगत दक्षिणेला पाहिल्यास तो पार्श्वभूमीला येतो आणि चित्र कुठले आहे हे न लिहिता कळते.

संध्याकाळी उत्तरेला जावे, कारण तेव्हा सर्फर काळाच हवा असतो. जानेवारीत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो, पण वारा त्याआधी पडू लागतो, त्यामुळे हातात जेमतेम अर्धा तास असतो. सूर्याच्या बाजूच्या उजळ आकाशावर प्रकाश मोजावा, तो पक्का करावा आणि सर्फर आडवा असताना, दोन्ही हात आणि दांडा शरीरापासून सुटे दिसत असताना चित्र घ्यावे. सावलीचित्रात एकमेकांवर आलेले दोन सर्फर म्हणजे नुसता डाग. डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून लांबच्या लेन्सने सूर्याकडे थेट पाहू नये, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. ओल्या वाळूत पतंगाचे प्रतिबिंब हवे असेल तर ओहोटी पाहून दिवस निवडावा. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो ठोकताळा इथेही कामी येतो: पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सूर्यास्ताला, अष्टमीला नेमके उलट. गोव्यात ही वेळ थोडी अलीकडे येते, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक एकदा पाहावे.

किनाऱ्याला समांतर जाणारा सर्फर मिळाला तर 1/80 सेकंदावर पॅनिंग, म्हणजे कॅमेरा सर्फरबरोबर फिरवत चित्र घेणे, करून पाहावे. पाय रोवून, कमरेतून वळत, बटण दाबल्यावरही वळणे न थांबवता. वीसांत एखादे चित्र जमते.

माणसांबद्दल थोडे. मोरजीला परदेशी पाहुणे पुष्कळ असतात आणि पाण्यावर उघडपणे खेळणाऱ्याचे चित्र घेतले म्हणून सहसा कोणी हरकत घेत नाही. पण मागे ऊन खात पडलेल्या माणसांना चौकटीत घेऊ नये आणि ओळखू येणारा चेहरा इंटरनेटवर टाकण्यापूर्वी विचारावे. सर्फरला स्वतःचे चित्र क्वचितच मिळालेले असते. दोन चांगली चित्रे पाठवून दिली की पुढच्या दिवशी तोच तुमच्या समोरून उड्या मारत जातो, हा माझा अनुभव आहे. याच हंगामात या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. कुंपण घातलेल्या जागेत तिपाई रोवू नये आणि अंधार पडल्यावर फ्लॅश किंवा विजेरी वापरू नये.

खारा वारा कॅमेऱ्याचा शत्रू आहे. वातानुकूलित खोलीतून थेट किनाऱ्यावर आलात तर लेन्सवर धुके धरते, म्हणून पिशवी बंद ठेवून अर्धा तास तशीच राहू द्यावी. किनाऱ्यावर लेन्स बदलू नये. पुढच्या काचेवर खाऱ्याचा पातळ थर बसतो आणि सूर्य समोर असताना सगळे चित्र दुधाळ करतो. तो कोरड्या कापडाने पुसायला गेल्यास वाळूचा एखादा कण काचेवर रेघ ओढतो. आधी ब्लोअरने वाळू उडवावी, मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसावे आणि शेवटी कोरड्याने. घरी आल्यावर कॅमेऱ्याचे बाहेरचे अंगही असेच पुसावे, मोनोपॉड (कॅमेऱ्याचा एकपायी स्टँड) नळाखाली धुऊन उघडा वाळत ठेवावा आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवण्यापूर्वी झूमचे कडे कानाजवळ धरून एकदा फिरवून पाहावे. कर्र असा बारीक आवाज आला तर जोर लावून ते फिरवत बसू नये. लेन्सचे तोंड खाली करून कड्याच्या फटीत ब्लोअर मारावा, आणि तरीही आवाज राहिला तर दुरुस्तीवाल्याकडे न्यावी.