एकट्या माणसाशी गप्पा मारायला जाताना या चुका टाळा

गेली अकरा वर्षे मी पुण्यात आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या वतीने एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे गप्पा मारायला जाते. कोणाची मुले परदेशी असतात, कोणाचा जोडीदार गेलेला असतो, तर कोणाचे सगळे गावातच असूनही महिनोन्‌महिने दार वाजत नाही. दरवर्षी काही नवे स्वयंसेवक आमच्यात येतात. त्यांच्या मनात कळकळ असते, पण वर्षानुवर्षे त्याच त्या चुका होताना पाहून आता मला थकवा येऊ लागला आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली चूक दारातच होते. ज्या घरांत मी जाते तिथे ‘मला नैराश्य आले आहे’ असे कोणीही म्हणत नाही. ‘करमत नाही’, ‘कशात जीव लागत नाही’, ‘घर खायला उठतं’, ‘रात्र सरत नाही’ असे म्हणतात, आणि बरेचदा तेवढेही न म्हणता गुडघे, पोट आणि झोप यांच्याच तक्रारी सांगतात. अशा माणसाला पहिल्याच भेटीत ‘तुम्हाला डिप्रेशन असेल, हल्ली खूप जणांना असतं’ असे सांगणारे स्वयंसेवक मी पाहिले आहेत, आणि त्यानंतर त्यांच्यासाठी दार पुन्हा उघडले गेलेले मात्र पाहिलेले नाही. झिंबाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ मध्ये राजधानी हरारेतल्या म्बारे वस्तीत चौदा आज्यांना हाताशी धरून दवाखान्याबाहेरच्या बाकावर लोकांशी बोलण्याचे काम सुरू केले, तेव्हा तिथेही रोगाच्या नावाने कोणी बाकाकडे फिरकेना. शोना भाषेत लोक ज्याला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणे, म्हणतात त्याच शब्दाने बोलणे सुरू झाले तेव्हा माणसे मोकळी झाली. आपल्याकडे तो शब्द ‘करमत नाही’ हा आहे. समोरच्याने वापरलेला शब्दच आपणही वापरावा. त्याच्या जागी पुस्तकातला शब्द ठेवू नये.

आता ज्या चुकीविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ती म्हणजे उपाय सांगण्याची घाई. ही चूक मी स्वतः केलेली आहे, आणि तिची किंमत मी भरलेली नाही, दुसऱ्या कोणीतरी भरली.

माझ्या दुसऱ्या वर्षी मी एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे जात असे. पत्नी जाऊन त्यांना सात महिने झाले होते. मी त्यांना सर म्हणत असे. ते जेमतेम बोलत, हवापाणी आणि वर्तमानपत्र यांपलीकडे विषय जात नसे. पाचव्या की सहाव्या भेटीत त्यांनी चहा केला, दोन कप ट्रेमध्ये ठेवले आणि म्हणाले, ‘तुम्ही आलात ते बरं झालं. एरवीसुद्धा माझ्या हातून दोनच कप होतात. एकाचा अंदाज येतच नाही.’ मी ताबडतोब म्हणाले, ‘मग छोटं पातेलं घ्या ना सर, बाजारात एका कपाचं मिळतं.’ त्यांनी मान हलवली, ‘हो, बघतो’ म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्राकडे वळले. पुढल्या भेटीत मी खरोखरच ते पातेले घेऊन गेले. त्यांनी आभार मानून ते ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवले. त्यानंतर जवळजवळ चार महिने सरांनी पत्नीचा उल्लेखही केला नाही.

त्या दिवशी त्यांनी चहाचा प्रश्न मांडलेला नव्हता. छत्तीस वर्षांच्या सहवासाचे दार त्यांनी बोटभर उघडले होते आणि मी ते पातेल्याने बंद केले. ‘काकू चहा कसा घ्यायच्या?’ एवढे विचारले असते तरी पुरे होते. चार महिन्यांनी मी तेच विचारले, तेव्हा ते पाऊण तास बोलले. गवती चहा, बाल्कनीतली कुंडी, ती कुंडी आता कशी वाळली आहे, हे सगळे त्यात आले. निघताना त्यांनी ती कुंडी मला दाखवली. माती दगडासारखी झाली होती, पण पाणी घालण्याविषयी मी एक अक्षरही बोलले नाही. पुढच्या खेपेला माती ओली होती.

‘सकारात्मक विचार करा’, ‘भजनाला जाऊन बसा’, ‘प्राणायाम करा’, ‘इतरांकडे बघा, तुमचं किती चांगलं चाललंय’ ही सगळी त्या पातेल्याचीच भावंडे आहेत. प्राणायाम वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु ज्याचे ऐकूनच घेतलेले नाही त्याला उपाय देणे म्हणजे ‘तुमचं बोलणं आता आटोपतं घ्या’ असे सांगणे होय, आणि समोरचा ते बरोबर ओळखतो. हरारेच्या आज्यासुद्धा तोडगा आपल्या पदरचा देत नाहीत. माणूस आपल्या अडचणी सांगतो, त्यांतली एक निवडतो आणि तिच्यावरचा उपायही त्याचा त्यानेच शोधायचा असतो. त्या कामाची चाचणी २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि सहा महिन्यांनंतर बाकावर बोललेल्या लोकांमधील नैराश्याची लक्षणे नेहमीची देखभाल मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळली. माझी स्वतःची सवय अशी आहे की तोंडावर सल्ला आला की मी त्याचा प्रश्न करते, आणि प्रश्न सुचला नाही तर समोरच्याचेच शेवटचे दोन शब्द हळू आवाजात पुन्हा उच्चारते. ‘अंदाज येत नाही…’ एवढे म्हटले की पुढचे वाक्य बहुधा त्यांच्याकडूनच येते.

दुसरी मोठी चूक उत्साही लोकांची असते. एक तरुण स्वयंसेवक पहिल्याच आठवड्यात एका आजोबांकडे तीनदा गेला, त्यांच्याबरोबर कॅरम खेळला, ‘आता मी दर गुरुवारी पाचला येणारच’ असे सांगून आला, आणि तिसऱ्या आठवड्यानंतर फिरकला नाही. त्याला नोकरीत बढती मिळाली होती. कारण खोटे नव्हते. मात्र एका शुक्रवारी सकाळी मला आजोबांचा फोन आला. ‘त्या मुलाला कुठे लागलंबिगलं तर नाही ना? दोन गुरुवार झाले, मी कडी काढून ठेवतोय.’ संध्याकाळी पाच वाजता दाराची कडी काढून, कॅरमचा बोर्ड पुसून, पावडर टाकून ते सात वाजेपर्यंत बसत होते. मी नंतर त्यांच्याकडे जाऊ लागले, पण मला कॅरम येत नाही, आणि बोर्ड पुन्हा कपाटामागे गेला.

एकट्या माणसाच्या आठवड्याला आपल्या भेटीची खुंटी असते. ती उपटून घेण्यापेक्षा मुळात न ठोकलेली बरी. त्यामुळे नव्यांना मी आग्रहाने सांगते की आठवड्यातून तीनदा जाण्याचा संकल्प करू नका. पंधरा दिवसांतून एकदा जा, चाळीस मिनिटे बसा, पण वर्षभर जा. येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा आणि पुढची तारीख त्याच फोनवर सांगा. एका महिन्यात माणूस ‘बरा करून’ दाखवण्याची ज्यांना घाई आहे त्यांनी हे काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज सकाळी फुलांच्या चित्रासह सुप्रभात पाठवणे ही भेटही नव्हे आणि गप्पाही नव्हेत.

मी एक छोटी वही ठेवते. घरी आल्यावर तीत दोनच ओळी लिहिते: आज बोलणे कुठे थांबले, आणि पुढे काय घडणार आहे. भाचीचा निकाल, दाताची तपासणी, गच्चीवरच्या टाकीची दुरुस्ती. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न तोच असतो. ‘कसे आहात?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे’ हेच उत्तर मिळते. ‘टाकी गळायची थांबली का?’ या प्रश्नाला गोष्ट मिळते.

तिसरी चूक भल्या माणसांच्या हातून होते, म्हणून ती लवकर लक्षात येत नाही. आपण सतत देतो आणि काही घेत नाही. फळे नेतो, औषधे आणून देतो, बिले भरतो, आणि चहाही ‘कशाला त्रास’ म्हणून नाकारतो. ज्या बाईने आयुष्यभर दहा जणांचे केले तिला यातून एवढेच कळते की आता तिचा कोणाला उपयोग नाही. माझ्या ओळखीच्या एक आजी पूर्वी ब्लाउज शिवत असत. डोळ्यांचे ऑपरेशन झाले, मशीन बंद झाले आणि त्या दिवसदिवस पलंगावर बसून राहू लागल्या. एकदा मी माझ्या साडीचा उसवलेला फॉल त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो चष्म्याजवळ धरला, बोटाने टाके चाचपले आणि पहिल्यांदाच चढ्या आवाजात म्हणाल्या, ‘हे कुणी लावलंय? टाके आहेत की कुंपण?’ सुई त्यांना ओवता येत नव्हती. ती मी ओवून दिली. फॉल त्यांनी लावला, दोन दिवस घेऊन. आता जिन्यातल्या तीन बायका त्यांच्याकडे साड्या देतात, आणि सुया ओवून ठेवायला शेजारची शाळकरी मुलगी येते.

या मागे शास्त्रही आहे. गोव्यात ‘संगात’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्याच्या रुग्णांसाठी जो कार्यक्रम चालवला, त्यात बोलणारे लोक डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. सहा ते आठ भेटींत ते माणसाला पूर्वी ज्यात समाधान मिळे अशा कामांकडे पुन्हा हळूहळू वळवत असत, आणि त्याचा गुण आल्याचे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तो कार्यक्रम आणि आपल्या गप्पा एक नव्हेत, हे मी मान्य करते, पण उसवलेला फॉल नेण्याचे धैर्य मला त्यातून मिळाले.

काही चुकांना एकेक वाक्य पुरे आहे. फोन हातात घेऊन बसू नका. ऐकू कमी येत असेल तर ओरडू नका, समोर उजेडात बसून सावकाश बोला, आणि कानाची तपासणी झाली आहे का ते विचारा, कारण पुष्कळांचे ‘कोणात मिसळावंसं वाटत नाही’ हे ऐकू न येण्यातून आलेले असते. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी त्यांच्या मुलाशी बोलू नका. शांतता पसरली तर ती लगेच भरू नका.

शेवटची चूक भीतीची आहे. ‘आता देवाने न्यावं’ असे कोणी म्हणाले की आपण ‘असं बोलू नये’ म्हणून विषय बदलतो. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात येतो, हा समज चुकीचा आहे. मी सरळ विचारते, ‘स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ उत्तर होकारार्थी असेल तर मी त्या माणसाला एकटे सोडत नाही, घरच्यांना कळवते, आणि ‘कुणाला सांगू नका’ असे वचन मागितले तर ते देत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून देशभर चालू आहे, त्यावर मराठीतही बोलता येते, आणि मी तो माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेला आहे. तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, खाणे तुटले असेल, झोप उडाली असेल तर गप्पा पुरेशा नाहीत. डॉक्टरांकडे न्यायलाच हवे. थायरॉइड किंवा बी-१२च्या कमतरतेनेही माणूस असा मलूल होतो, आणि ते रक्ततपासणीतच कळते.

परंतु डॉक्टरांकडे पोहोचवले म्हणजे आपले काम संपले, असे समजून अनेक जण नेमके तेव्हाच जाणे थांबवतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोंड कोरडे पडणे, मळमळणे हे त्रास मात्र पहिल्या दिवसांतच सुरू होतात, आणि ‘याने काहीच होत नाही’ म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या जातात त्या याच काळात. त्या चार आठवड्यांत मी आठवड्याला एक जास्तीची फेरी ठेवते. गोळ्यांची चौकशी मी शेवटी करते, आधी टाकीची करते.